दोन ते चारची टकटक

आधीच सांगते, मी भुताखेतांची थट्टा करणाऱ्यांतली आहे. या पानावर येणारे अनुभव मी दर महिन्याला आवडीने वाचते, पण हसण्यासाठी. कोणाच्या खांद्यावर म्हणे थंड हात पडतो... आणि मी इकडे चहात बिस्कीट बुडवत म्हणते, "बाई गं, आधी एक्स-रे काढ, मानेचं दुखणं असेल." वय त्र्याहत्तर, वरचे दात खोटे, बाकी माल ओरिजिनल. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे 'आजीला नीट दिसलं नसेल' हे कारण चालणार नाही. घरच्यांनी ते वापरून झालंय.

आम्ही राहतो मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बिल्डिंग आता पाडून नवीन होणार आहे, म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर घर रिकामं करायला घेतलं. माळ्यावरून काय काय निघालं म्हणून सांगू! नातीचा पाळणा, तीन फुटके टेबलफॅन, आणि जुन्या चादरीत गुंडाळलेला, नाडीने बांधलेला शकूताईंचा कॉम्प्युटर.

शकूताई म्हणजे माझी नणंद. लग्न केलं नाही, जन्मभर आमच्याकडेच राहिल्या. माझ्या नवऱ्याहून लहान, माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. त्यामुळे नात्याने मी वरची आणि वयाने त्या. दोघी एकमेकींना अहो-जाहो करायचो. त्या मला वहिनी म्हणायच्या, मी त्यांना शकूताई. एका घरात बेचाळीस वर्षं काढली, पण दोघी समोरासमोर बसून खदखदून हसलोय असं एकदाही आठवत नाही. शकूताई हसायच्याच नाहीत. अंधेरीला एमआयडीसीतल्या एका कंपनीत टायपिस्ट होत्या, पुढे तिथेच कॉम्प्युटरवर बसायला लागल्या. रिटायर झाल्या तेव्हा कंपनीने जुनी मशीनं काढून टाकली, त्यातलं स्वतः वापरायच्या ते त्या घेऊन आल्या. रिक्षातून, मांडीवर घेऊन. लहान मूल आणावं तसं.

बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ, शोकेसच्या शेजारी त्याची स्थापना झाली. आणि तेव्हाच्या सुलभाबाईंचं — म्हणजे माझंच — डोकं फिरलं. त्या कोपऱ्यात माझी आरामखुर्ची होती! पंचावन्न वर्षांची बाई, घरात सून आलेली, आणि एका खुर्चीवरून आठ दिवस फुगून बसलेली. आज ती सुलभा समोर आली तर तिला खुर्चीत बसवून दोन तास खुर्ची गदागदा हलवेन.

शकूताई दुपारी दोन ते चार टाइप करायच्या. रोज, अकरा वर्षं. मी स्वयंपाकघरात, त्या बाहेर, मध्ये फक्त पडदा. टक टक टक टक. काय लिहायच्या कोणाला माहीत नव्हतं. मी एकदा मागे जाऊन उभी राहिले तर त्यांनी स्क्रीनवरचं सगळं खाली घालवून टाकलं.

"काय लिहिता हो एवढं?"

"काही नाही वहिनी. सराव."

आता रिटायर झालेली बाई कशाचा सराव करते? पुढे एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कणकवलीला माझी बहीण असते, तिला मी दुपारी फोन लावायचे. मी फोनवर बोलायला लागले की बाहेरची टकटक जोरात व्हायची. मी थांबले की थांबायची. झालं! मी ठरवूनच टाकलं की ही बाई माझे अपराध लिहून ठेवते. वहिनी अमुकला असं म्हणाली, तमुकला तसं म्हणाली. कधीतरी भावापुढे सगळं वाचून दाखवणार. मग मीही मुद्दाम मोठ्याने बोलायला लागले. म्हटलं, लिही बाई, बोटं झिजव.

दर खंडेनवमीला शकूताई त्या मशीनची पूजा करायच्या. कंपनीत तशी पद्धत होती. आदल्या दिवशी बाजूचं झाकण उघडायचं, मऊ ब्रशने आतली धूळ काढायची, आणि नवमीला पुन्हा एक हात मारून झाकण लावायचं, मग बाहेरून हळद-कुंकू, एक झेंडूचं फूल. दोन दिवस मशीन चालू करायचं नाही, त्यालाही सुट्टी.

एका दसऱ्यानंतर ते मशीन चालू झालंच नाही. बटण दाबलं की आत पंखा फिरायचा, मग लांब लांब पीं... पीं... आणि स्क्रीन काळाच. शकूताईंनी वायर काढून लावली, दुसऱ्या प्लगात लावून पाहिली, कोणालातरी फोन करून विचारलं. पंधरा दिवस रोज दोन वाजता समोर बसायच्या, बटण दाबायच्या, पींपीं ऐकायच्या आणि बंद करायच्या. शेवटी मीच म्हटलं, "मोडलं ते. माळ्यावर टाकूया, नंतर बघू." नात मोठी होत होती, तिला अभ्यासाला कोपरा हवा होता. कारण खरं होतं. पण माझी आरामखुर्चीही त्याच आठवड्यात परत तिथे आली, हेसुद्धा खरं.

चादर त्यांनीच गुंडाळली. त्यानंतर त्या आठ महिने होत्या. दुपारी पलंगावर बसायच्या आणि मांडीवरची बोटं हलत राहायची, टाइप केल्यासारखी. मग एक दिवस ताप आला, चौथ्या दिवशी गेल्या. याला आता सहा वर्षं झाली.

तर माळा रिकामा करताना ते गाठोडं खाली आलं. माझी नात ओवी, आता इंजिनिअरिंगला आहे, म्हणाली, "आजी, ई-वेस्टमध्ये देऊया ना, एवढं जुनं कोण ठेवतं?"

"थांब. मला त्यातलं वाचायचंय."

"कशाला?"

काय सांगणार कशाला? सहा वर्षं मनात एकच होतं. त्या बाईने माझ्याबद्दल काय लिहून ठेवलंय? वाईट असेल तर वाईट. पण मरायच्या आधी मला ते वाचायचं होतं. आणि नसेलच माझ्याबद्दल काही, तर बेचाळीस वर्षांत माझी त्यांनी एका ओळीचीही दखल घेतली नाही, तेही एकदाचं कळू दे.

ओवीचं कॉलेज होतं, मुलगा-सून कामावर, आमचे हे ऐंशीचे, दुपारी झोपतात. मी नवघर रोडवरच्या परबांना बोलावलं. पन्नाशीचे गृहस्थ, मालवणकडचे, घरी येऊन मशीनं दुरुस्त करतात. त्यांनी बटण दाबलं. पंखा फिरला. पीं... पीं... तोच आवाज.

"रॅम असणार, मेमरीची पट्टी," परब म्हणाले, आणि स्क्रू काढून बाजूचं झाकण उघडलं. आत टॉर्च मारला आणि बघतच राहिले.

"मावशी, ह्यां काय? मशिनीत भात पेरलास की काय?"

मी चष्मा लावून वाकले. आत धुळीमध्ये तांदळाचे दाणे होते. आठ-दहा. लालसर. परबांनी एक पट्टी उपसून काढली, तर तिच्या खाचेत एक दाणा रुतून बसलेला, कुंकू वाळून काळं पडलेलं.

"अक्षता," मी म्हटलं.

"ओल्या टाकल्या असतील. त्यामुळेच पट्टीचो कॉन्टॅक्ट गेलो. कोणी टाकल्यान?"

मी म्हटलं, "असेल कोणीतरी."

मंडळी, कोणी टाकल्या ते मला तिथल्या तिथे आठवलं. त्या नवमीला शकूताईंनी झाकण उघडं ठेवलं होतं आणि पूजेचं ताट आणायला आत गेल्या होत्या. मी देवाची पूजा उरकून आले. हातात उरलेल्या अक्षता, कुंकवात भिजवलेल्या. ते मशीन आडवं पडलेलं, पोट उघडं टाकून. म्हटलं, "घे रे बाबा, तूच या घरातला मोठा देव!" आणि चिमूटभर फेकल्या आत. रागाने, खोडसाळपणाने. शकूताई आल्या, त्यांना काही दिसलं नसेल. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते त्यांच्या. झाकण लावलं, कुंकू लावलं, नमस्कार केला.

पंधरा दिवस त्या रोज बटण दाबून बघत होत्या आणि मी पडद्याआडून म्हणत होते, मोडलं ते.

परबांना यातलं काही माहीत नाही. ते आपले शांतपणे दाणे वेचत होते. मग खिशातून शाळेतल्या पोरांचं असतं तसं खोडरबर काढलं, पट्टीची सोनेरी कडा घासली, फुंकर मारली, दाबून बसवली. बटण दाबलं. एकच छोटा पीं... आणि स्क्रीन उजळली.

मी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले.

"बघ, झाला ना मावशी! एवढंच होतं." एवढंच होतं! दोन मिनिटांचं काम.

स्क्रीनवर घड्याळाबद्दल काहीतरी इंग्रजीत आलं. परब म्हणाले, आतला सेल संपलाय, त्यामुळे याला आजची तारीख माहीत नाही. त्याच्या हिशेबाने तेव्हा जानेवारीची पहिली तारीख होती आणि साल असं की माझ्या मुलाचं लग्नही व्हायचं होतं. मग सगळं उघडलं. मधोमध एकच फोल्डर होतं. त्यावर इंग्रजीत नाव — वहिनी.

परबांनी पेन ड्राइव्ह लावला, फोल्डर कॉपी करायला टाकलं आणि फाइल उघडून दिली. मराठीत होती. "ह्यां बटण दाब, पान पुढे जाईल. ही दोन एकत्र दाबलंस तर एकदम शेवट. बंद मात्र करू नको. मी खाली जाऊन सेल आणतंय." आणि ते गेले. दुपारचे सव्वादोन वाजले होते. घरात मी, आणि आतल्या खोलीत झोपलेले आमचे हे.

मी वाचायला लागले.

"सोमवार. वहिनी भाजीवाल्याला म्हणाल्या, अरे ही मेथी आहे की मेथीचा फोटो? (हसू दाबलं.)"

"गुरुवार. दादाला म्हणाल्या, तुम्ही घोरता त्याचं काही नाही, मध्येच थांबता तेव्हा मला उठून बघावं लागतं. (हसू दाबलं. ठसका लागला.)"

"शुक्रवार. फोनवर बहिणीला म्हणाल्या, आमच्या शकूताई हसल्या तर पंचांगात लिहून ठेवावं लागेल. (खूप हसले. मोरीत जाऊन, नळ सोडून.)"

पानामागून पान. अकरा वर्षं. मी ओट्याशी बोललेलं, फोनवर बोललेलं, मोलकरणीला, कुरिअरवाल्याला, टीव्हीतल्या सासूला सुनावलेलं. सगळं जसंच्या तसं. माझं मला आठवत नव्हतं ते. आणि प्रत्येकाखाली कंसात, कुठे हसू आलं, कसं दाबलं. अपराध एकही नव्हता. बाई माझ्या एका शब्दासाठी रोज दुपारी पडद्यापलीकडे टपून बसायची, आणि मी समजत होते...

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हसले असते तर बिघडलं असतं काय तुमचं, शकूताई? की मीच चिडले असते? चिडलेच असते म्हणा. तेव्हाची सुलभा म्हणाली असती, माझी टर उडवता का.

मी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणारी बाई. इथे एवढा वेळ कळ काढली हेच खूप. परबांनी दाखवलेली दोन बटणं दाबली.

शेवटून दुसरी नोंद त्या नवमीच्या आदल्या दिवसाची असणार. "मंगळवार. वहिनी आज घरात नव्हत्या, बारशाला गेल्या. करमलं नाही. मशीनची धूळ काढायची आहे." हे शेवटचं असायला हवं होतं. त्यानंतर मशीन चालूच झालं नव्हतं.

पण खाली अजून एक नोंद होती. ती मी इथे जशी वाचली तशी देते.

"शनिवार. वहिनी ओट्याशी एकट्याच होत्या. म्हणाल्या, शकू, तुझं मशीन माळ्यावर टाकायला नको होतं गं. काय लिहायचीस ते एकदा तरी विचारायला हवं होतं. मग तशाच उभ्या राहिल्या. कुकर बंद करायला विसरल्या, वरण करपलं. दादाला सांगितलं, कुकरची रबर गेलीय. (हसले. या वेळी मोठ्याने. कोणाला ऐकू गेलं नाही.)"

हे मी बोलले होते. शब्दन् शब्द. पण कधी? शकूताईंचं तेरावं झालं, पाहुणे गेले, त्यानंतरच्या शनिवारी. घरात कोणी नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नुसतं शकू म्हटलं होतं, तेही त्या नसताना. करपलेलं वरण मी मोरीत ओतलं, कुकर घासून ठेवला आणि ह्यांना रबरचं सांगितलं. बिचारे संध्याकाळी जाऊन नवीन रबर घेऊन आले. त्या खोट्याबद्दल मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. मशीन तेव्हा माळ्यावर होतं. चादरीत. नाडीने बांधलेलं.

मी ती नोंद तीन वेळा वाचली. भीती वाटली का? नाही वाटली. अंगावर काटाही आला नाही. नुसतं असं वाटलं की कोणीतरी खूप लांबून आपल्याला हाक मारतंय आणि आपण ओ दिली तरी तिथवर पोचणार नाही.

परब सेल घेऊन आले. पेन ड्राइव्ह काढून माझ्या हातात दिला, मशीन बंद केलं, सेल बसवला, बटण दाबलं. काहीच नाही. पंखाही फिरला नाही. तासभर खटपट केली, पट्ट्या पुन्हा घासल्या, दुसरा पॉवर सप्लाय लावून पाहिला. शेवटी म्हणाले, "बोर्डच गेलो मावशी. आज चालू झालो ताच नवल." त्यांनी शेवटची नोंद पाहिली नव्हती. मी विचारलं, तुम्ही वाचलंत का काही? "मी कशाक वाचू लोकांचा?"

संध्याकाळी ओवीने पेन ड्राइव्ह तिच्या लॅपटॉपला लावला. आधी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली. मग तिने तो जुना मराठी फाँट कुठूनसा शोधून बसवला आणि सगळं उघडलं. मेथीचा फोटो, पंचांग, मोरीतला नळ, सगळं. पोरगी लोळून लोळून हसली. "आजी, तू तर झकास स्टँडअप करायचीस गं!"

मी म्हटलं, "शेवटी जा."

शेवटी होतं — मशीनची धूळ काढायची आहे. संपलं. त्याखाली कोरं.

मी तिला सगळं सांगितलं, फक्त अक्षता सोडून. ती माझा हात धरून बसली. "आजी, तू रडत होतीस ना तेव्हा? तुझ्याच मनातलं तुला दिसलं असेल." आमच्या ह्यांना विचारलं, कुकरची रबर आणल्याचं आठवतं का? म्हणाले, "आठवतं की. वरणाचा वास तर जिन्यापर्यंत येत होता. मी काही बोललो नाही." म्हणजे या घरात न बोलता समजून घेणाऱ्या एकट्या शकूताईच नव्हत्या, एवढं नवीन कळलं.

ओवीचं बरोबर असेल. माझ्याच डोक्यातलं मी वाचलं असेन. पण मग एक सांगा. माझ्या मनाने रचलं असतं तर मी त्यांच्या तोंडी काय घातलं असतं? "वहिनी, माफ केलं." मला तेच तर हवं होतं! तसं तिथे काहीच नव्हतं. तिथे होतं हसणं. कोणाला ऐकू न गेलेलं. हे मला सुचलं नसतं. एवढी हुशार मी असते तर बेचाळीस वर्षं पडदा मध्ये ठेवून बसले नसते.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर कळवा, एक्स-रे काढायला सांगितलंत तरी रागावणार नाही.

पण मी हे का लिहिते आहे ते सांगते. ओट्याशी मी जी चूक कबूल केली ती माळ्यावर टाकल्याची. अक्षतांमुळे ते बंद पडलं हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. शकूताई हसल्या त्या तेवढ्यावर. खरी गोष्ट त्यांना कोणी सांगितलेलीच नाही. मशीन मोडलं नव्हतं, मी मोडलं होतं. तुमचे शेवटचे आठ महिने मी घेतले, शकूताई.

गेल्या शनिवारी घर अर्धं रिकामं झालं होतं. ओट्यापाशी उभी राहून मी हे मोठ्याने बोलले. एकदा नाही, दोनदा. मग कान लावून थांबले. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ आता काही नाही, फरशीवर टेबलाच्या पायांचे चार डाग तेवढे आहेत. काही आवाज आला नाही.

आता ते टाइप करून ठेवायला तिथे कोणी नाही. म्हणून मी इथे लिहिलं.

— सुलभा, मुलुंड पूर्व